पाठीवर पिलं नेणाऱ्या कोळ्याचं बारसं

राजुरीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

कांद्याच्या खुरपणीला बसलं की ढेकळाआडून एक करडा कोळी सुर्रकन पळतो. त्याच्या मागे पांढरी गोळी चिकटलेली असते. कधी पाठीवर बारीक पिलांचा ढीग असतो. ती मादी. गोळी म्हणजे तिच्या अंड्यांची पिशवी. पिलं बाहेर आली की काही दिवस ती त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. रात्रपाळीच्या लाईटला पाणी द्यायला गेलं, तर बॅटरीच्या उजेडात वाफ्यात हिरवट ठिपके चमकतात. बिबट्याच्या धाकाने आधीच जीव मुठीत असतो, पण ते डोळे याच कोळ्याचे. शास्त्रात त्याला लांडगा कोळी म्हणतात. यातले बहुतेक जाळं न विणता पळत जाऊन शिकार धरतात. काही मात्र विणतात. बांधावर दव पडलं की गवतात पांढऱ्या चादरी आणि कडेला नळीसारखं बीळ दिसतं, ते यांच्यातल्याच हिप्पासा नावाच्या कोळ्याचं घर.

आपण रोज पाहतो त्या जिवाला नाव कोण ठेवतं आणि कसं, ती गोष्ट आज सांगायची आहे.

कोळ्यांच्या शास्त्रीय नावांची वही 1757 साली उघडली. स्वीडनच्या कार्ल क्लेर्क यांनी तिथल्या कोळ्यांवर पुस्तक लिहिलं. तिथपासूनची नावं आजही धरली जातात. 1804 मध्ये फ्रान्सच्या लात्रेय यांनी लांडग्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून ‘लायकोसा’ हे नाव दिलं. आपल्याकडचे नमुने तेव्हा बाटल्यांत भरून लंडनला जायचे. तिथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या पोकॉक यांनी 1900 साली भारतातल्या कोळी-विंचवांवर मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे जीव आपल्या मातीतला, पण त्याचं बारसं सातासमुद्रापार.

पुढे हे काम आपल्याकडे आलं. 1916 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था सुरू झाली आणि 1959 मध्ये तिचं पश्चिम केंद्र पुण्यात उघडलं. त्या केंद्रात बिनॉय कृष्ण टिकादर या बंगाली शास्त्रज्ञांनी कोळ्यांचा अभ्यास केला. पुढे ते या संस्थेचे संचालक झाले. 1980 साली टिकादर आणि मल्होत्रा यांचा भारतातल्या लांडगा कोळ्यांवरचा ग्रंथ आला. त्यात नव्या जातींची वर्णनं होती. एकीचं नाव लायकोसा पूनाएन्सिस, म्हणजे पुण्याची. दुसरी लायकोसा महाबळेश्वरेन्सिस. आपल्या जिल्ह्याचं नाव एका कोळ्याला असं लागलं.

नवी जात ठरवायची कशी? नुसत्या रंगावरून नाही. डोळे बघावे लागतात. लांडगा कोळ्याला आठ डोळे, तीन रांगांत. पुढे चार बारीक, मग दोन मोठे, त्यामागे आणखी दोन. यावरून कूळ कळतं. जात कळायला मात्र पूर्ण वाढलेला कोळी लागतो. नराच्या तोंडाजवळच्या आखूड सोंडा आणि मादीच्या पोटाखालचा जननभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुतेकदा खरा फरक तिथेच सापडतो. मग जुनी वर्णनं आणि जुने नमुने काढून ताडून बघायचं. कशाशीच जुळलं नाही, तर चित्रांसह वर्णन छापायचं आणि एक नमुना मूळ नमुना म्हणून संग्रहालयात ठेवायचा. त्याच्या बाटलीत चिठ्ठी असते. कुठे सापडला, कधी, कोणाला. चिठ्ठी हरवली तर नमुन्याची किंमत निम्म्याहून कमी. आपल्या गटाचंही तसंच नाही का? पैसे दिले पण वहीत नोंद नाही, तर बचत कोण धरणार?

आणि नोंद केली तरी बाईचं पाहणं लगेच खरं मानतात असंही नाही. मारिया सिबिला मेरियान 1699 साली, वयाच्या 52 व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेल्या. 1705 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर मोठा कोळी चिमुकला पक्षी खातोय. पुढच्या काळातल्या काही विद्वानांनी हे खोटं ठरवलं. 1863 साली बेट्स या इंग्रज माणसाने ब्राझीलमध्ये असा कोळी पक्ष्यासह पाहिल्याचं लिहिलं, तेव्हा लोकांचा विश्वास बसू लागला. मधे दीडशेहून जास्त वर्षं गेली.

हे ओळखणं फक्त विद्वानांच्या कामाचं नाही. आपल्या पश्चिम पट्ट्यात भात होतो. भातावर तपकिरी तुडतुडे येतात आणि लांडगा कोळी ते खातो. इंडोनेशियात भातावर बेसुमार फवारणी झाली. तुडतुडे खाणारे कोळी मेले आणि तुडतुडे वाढले. शेवटी 1986 मध्ये तिथल्या सरकारने भातासाठीच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. कोणता जीव आपल्या बाजूचा हे आधी ओळखलं असतं, तर पीक आणि पैसा दोन्ही वाचलं असतं. फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्याला हे कुणी सांगायचं? वाफ्यात दिवसभर वाकून बसते ती बाईच सांगू शकते.

नावंही आता बदलताहेत. 2021 साली ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ नाव दिलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कसाबला घट्ट धरून ठेवताना शहीद झालेले पोलीस तुकाराम ओंबळे, त्यांच्या आठवणीसाठी. ओंबळे साताऱ्याच्या केडंब्याचे, शेतकरी घरातले.

म्हणून आमच्या गटाने एक साधं ठरवलंय. बचतीच्या वहीची मागची चार पानं कोळ्यांसाठी ठेवायची. तारीख, शिवार, पीक, पिशवी होती की पिलं, एवढंच लिहायचं. जमलं तर मोबाईलवर फोटो, आणि आकार कळावा म्हणून बाजूला काडेपेटी. हातात धरायचं नाही. दाबला तर चावतो, दुखतं आणि सूज येते. आणि फवारणीआधी पाच जागी थांबून किडी किती, कोळी किती, ते मोजून घरात सांगायचं.

खुरपं चालवताना पिलंवाली दिसली, तर तेवढं ढेकूळ सोडून पुढे सरका. तिचीही घाई लेकरांसाठीच असते.

राम राम मैत्रिणींनो.