पॉलिथिन : इरल्यापासून पिशवीपर्यंत



आपल्या ठाणे जिल्ह्यात भाताची लावणी करताना बायामाणसे पूर्वी डोक्यावर काय घेत, आठवते ना? इरले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर पळसाची पाने. वाकून काम केले तरी पाठ कोरडी राही. जुने इरले उकिरड्यावर टाकले की त्याचे खत होई. आज कल्याणच्या आसपासच्या शेतांत बघा, बहुतेकांच्या अंगावर प्लॅस्टिकचा कागद दिसेल. हा कागद बहुधा पॉलिथिनचा असतो. तो आला कोठून, ते आज पाहू.

गंमत अशी की, पॉलिथिन हाती लागले ते अवचितच. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडात विनिंग्टन येथे, इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत, गिब्सन आणि फॉसेट हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन प्रयोग करीत होते. त्यांना हवे होते निराळेच काही. मिळाला तो पांढरा, मेणासारखा पदार्थ. इथिलीनचे रेणू साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांना जोडले गेले होते. ही साखळी पाणी शोषत नाही, कुजत नाही, तिच्यातून वीज वाहत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांना तिचे वेष्टन चढले. पुढे १९५३ साली जर्मनीत त्सीग्लर यांनी कमी दाबावर ती जोडण्याची युक्ती शोधली. तिच्यातून टणक पॉलिथिन मिळू लागले.

ही विद्या आपल्या दारात यायला फार काळ लागला नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिलचा कारखाना १९६८ साली नाफ्त्यापासून इथिलीन काढू लागला आणि शेजारच्या पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजमध्ये त्याचे टणक पॉलिथिन होऊ लागले. अशा पॉलिथिनच्या बादल्या, कळश्या, पाण्याचे पाइप, डबे घरोघरी गेले. विहिरीवरून पाणी वाहणाऱ्या बाईला विचारा, तांब्यापितळेच्या हंड्यापेक्षा हलकी कळशी म्हणजे मानेला केवढा आराम! हे उपकार विसरू नयेत.

मग बिघडले कोठे? जी वस्तू कुजत नाही ती वर्षानुवर्षे वापरावी, हा साधा हिशेब. आपण तिची पिशवी केली, बाजारातून घरापर्यंत भाजी आणली आणि फेकून दिली. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईची गटारे तुंबायला या पिशव्यांनीही हातभार लावला. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने अशा पिशव्यांवर बंदी घातली. शिळे अन्न पिशवीत बांधून टाकले की गाय पिशवीसकट गिळते. पिशवी पचत नाही, पुढेही सरकत नाही. पोटात गोळा साठत जातो आणि जनावर हकनाक मरते.

माझी आई दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देते. त्या वितळवून पुन्हा वस्तू होतात. एवढे आपणही करू शकतो. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यावी, खरकटे उघडेच टाकावे, प्लॅस्टिक चुलीत घालू नये. गुरुजनांनी शाळेत मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. पळसाचे पान आणि पिशवीचा तुकडा शेजारी शेजारी मातीत पुरावा, पावसाळ्यानंतर उकरून पाहावा. पुढचे मुलेच तुम्हाला सांगतील.