कोस्पीची घसरण, ५ ऑगस्ट २०२४

दक्षिण कोरियाच्या शेअरबाजारातील, अंशांच्या हिशेबाने तोपर्यंतची सर्वांत मोठी एकदिवसीय पडझड. सोमवार, ५ ऑगस्ट २०२४ रोजी कोस्पी हा त्या देशाचा प्रमुख निर्देशांक आदल्या शुक्रवारच्या २,६७६.१९ या पातळीवरून २३४.६४ अंशांनी, म्हणजे ८.७७ टक्क्यांनी, उतरून २,४४१.५५ वर बंद झाला. तुलनेने लहान व तंत्रज्ञानप्रधान कंपन्यांचा कोस्डाक हा दुसरा निर्देशांक ११.३ टक्क्यांनी खाली येऊन ६९१.२८ वर स्थिरावला. टक्केवारीने पाहता मात्र हा दिवस अग्रस्थानी नव्हता : अमेरिकेवरील दहशतवादी हल्ल्यानंतर १२ सप्टेंबर २००१ रोजी कोस्पी १२ टक्क्यांनी, तर जागतिक वित्तीय संकटात २४ ऑक्टोबर २००८ रोजी साडेदहा टक्क्यांनी कोसळला होता.

बाजाराची घडण : कोरियातील संघटित शेअरबाजाराचा प्रारंभ १९५६ च्या मार्च महिन्यात सोलच्या म्योंगदोंग भागात झाला, १९७९ मध्ये तो हान नदीतील योईदो या बेटावर गेला आणि २००५ मध्ये निरनिराळे बाजार एकत्र करून स्थापन झालेल्या कोरिया एक्स्चेंज या संस्थेचे मुख्य दप्तर बुसान या बंदराच्या शहरी ठेवण्यात आले. कोस्पीच्या गणनेसाठी ४ जानेवारी १९८० ची पातळी १०० धरली आहे. कोस्डाक बाजार १९९६ मध्ये उघडला. परकीयांना १९९२ पर्यंत या बाजारात थेट खरेदीची मुभा नव्हती. ती प्रथम मर्यादित प्रमाणात मिळाली आणि १९९७ च्या चलनसंकटात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरण्याची पाळी आल्यावर, १९९८ मध्ये, बहुतेक मर्यादा उठल्या. कोस्पीतील कंपन्यांच्या एकूण बाजारमूल्यापैकी सुमारे एक तृतीयांश हिस्सा परकीयांकडे असणे आणि सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स या एकाच कंपनीचा त्यातील वाटा २०२४ साली एक पंचमांशाच्या आसपास असणे, या दोन गोष्टी ध्यानात घेतल्याखेरीज ५ ऑगस्टच्या दिवसाचा उलगडा होत नाही.

कारणे : घसरणीचे निमित्त कोरियात घडलेले नव्हते. बँक ऑफ जपानने ३१ जुलै रोजी आपला व्याजदर ०.२५ टक्क्यावर नेला. त्यामुळे येन महागू लागला आणि अत्यल्प व्याजाने येन कर्जाऊ घेऊन ते भांडवल अन्य देशांतील रोख्यांत गुंतविण्याचा जो व्यवहार वर्षानुवर्षे बिनघोर चालला होता, त्याची कर्जे फेडण्यासाठी हाती असेल ते विकण्याची घाई जगभर सुरू झाली. त्यातच शुक्रवार, २ ऑगस्ट रोजी अमेरिकेतील बेकारीचे प्रमाण ४.३ टक्क्यांवर गेल्याचा अहवाल प्रसिद्ध होऊन तेथे मंदी येण्याची धास्ती बळावली. हा अहवाल बाहेर पडला तेव्हा सोलमध्ये रात्र झाली होती. त्या दिवशीचा बाजार साडेतीन टक्क्यांहून अधिक घसरून केव्हाच मिटला होता. परिणामी शनिवार-रविवार साचून राहिलेली सारी भीती सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला एकदमच बाजारात उतरली.

घटनाक्रम : निर्देशांक अडीच टक्क्यांच्या आसपास खाली उघडला आणि सावरला नाही. कोरियन बाजारात अशा प्रसंगांसाठी दोन प्रतिबंध आहेत. पहिल्यास मोटारसायकलच्या जोडगाडीवरून ‘साइडकार’ म्हणतात. कोस्पी २०० चा वायदा ५ टक्क्यांनी हलून एक मिनिट तसाच राहिल्यास संगणकीय कार्यक्रमान्वये होणारे सौदे पाच मिनिटे रोखले जातात. दुसरा प्रतिबंध, सर्किट ब्रेकर, अधिक कडक : निर्देशांक ८ टक्क्यांनी पडून एक मिनिट तेथेच राहिला, की संपूर्ण बाजार वीस मिनिटे तहकूब होतो, पडझड २० टक्क्यांवर गेल्यास त्या दिवसापुरता व्यवहारच संपतो. ५ ऑगस्टला साइडकारचा अंमल सकाळी अकराच्या सुमारास झाला. कोस्डाक दुपारी १ वाजून ५६ मिनिटांनी आणि कोस्पी २ वाजून १४ मिनिटांनी थांबविण्यात आला. कोस्पीवर सर्किट ब्रेकर लागण्याचा हा सहावा प्रसंग असून त्यापूर्वीचा मार्च २०२० मधील, कोरोनाच्या साथीतला होता. विक्रीचा जोर या विश्रांतीने ओसरला नाही. बाजार पुन्हा उघडल्यावर कोस्पी २,४०० च्याही खाली जाऊन आला. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचा भाग १० टक्क्यांहून अधिक उतरून ७१,४०० वॉनवर आला, आणि स्मृतिचिप बनविणाऱ्या एसके हायनिक्सचीही जवळजवळ तीच गत झाली. कोरियातील भावफलकावर तेजी तांबड्या आणि मंदी निळ्या रंगात दाखविण्याचा प्रघात आहे. त्यामुळे मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर ज्या दिवसाला सारा फलक लाल झाला असे म्हणतात, तो दिवस सोलच्या पडद्यांवर आपादमस्तक निळा होता. त्याच दिवशी टोकियोचा निक्केई १२.४ टक्क्यांनी, तर मुंबईचा सेन्सेक्स २,२२२ अंशांनी, म्हणजे पावणेतीन टक्क्यांनी, उतरला.

गुंतवणूकदारांचे वर्तन : परकीयांनी त्या दिवशी कोस्पी बाजारात खरेदी वजा जाता सुमारे दीड लाख कोटी वॉनचे भाग विकले; ते घेतले प्रामुख्याने किरकोळ गुंतवणूकदारांनी. या वर्गाला कोरियन भाषेत ‘गेमी’, म्हणजे मुंगी, म्हणतात. २०२० साली परकीयांनी विकलेला माल याच मुंग्यांनी हिरिरीने विकत घेतला, तेव्हा त्या लाटेला १८९४ च्या दोंगहाक शेतकरी-उठावाचे नाव देण्यात आले. परकीय सत्तेपुढे उभ्या ठाकलेल्या शेतकऱ्यांची उपमा शेअरखरेदीला लावण्यातील विनोद आणि अभिमान हे दोन्ही तेथील वाचकांस तत्काळ उमगले. पडत्या भावात आणखी भाग घेऊन आपल्या खरेदीची सरासरी खाली आणण्याला, ज्याला आपल्याकडील दलाल ‘ॲव्हरेज करणे’ म्हणतात, कोरियन बोलीत ‘पाणी घालणे’ असे म्हटले जाते. या मुंग्यांपैकी अनेकांची खरेदी कर्जाऊ पैशावर होती, हा त्यांच्या धैर्याचा दुबळा भाग होय. तारण ठेवलेल्या भागांचे मूल्य ठरलेल्या प्रमाणाखाली गेले आणि खातेदाराने मुदतीत भर घातली नाही, तर पेढी ते भाग त्याच्या संमतीवाचून बाजारात काढते. अशा सक्तीच्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि शेजारच्या खातेदाराचे तारणही अपुरे पडते. पडझडीला वेग येतो तो या साखळीमुळे.

दुसऱ्याच दिवशी, ६ ऑगस्ट रोजी, कोस्पी ३.३ टक्क्यांनी वर येऊन २,५२२.१५ वर बंद झाला. या वेळीही साइडकार लावावा लागला, परंतु तो खरेदीच्या लोंढ्याला आवर घालण्यासाठी. कोरियातील कारखाने, त्यांच्या मागण्या व त्यांचा नफा यांत एका रात्रीत कोणताही फरक पडला नव्हता. तेव्हा सोमवारच्या आकड्याला कोरियन उद्योगाच्या प्रकृतीचे निदान मानणे चूक ठरते. परकीय भांडवलाला विनाविलंब बाहेर पडता येईल असा मोठा, खुला आणि रोखता असलेला बाजार आशियात जेथे होता, तेथे विक्री प्रथम झाली, एवढाच त्याचा अर्थ.

दीर्घकालीन दृष्टी : अनुभवी गुंतवणूकदारांना अशा एखाद्या दिवसापेक्षा ‘कोरिया डिस्काउंट’ या नावाने ओळखला जाणारा जुना दोष अधिक महत्त्वाचा वाटतो. कोरियन कंपन्यांचे भाग त्यांच्या पुस्तकी मूल्याच्या मानाने अन्य प्रगत देशांतील कंपन्यांपेक्षा स्वस्त राहतात. त्याची कारणे म्हणून चेबोल या कौटुंबिक उद्योगसमूहांतील गुंतागुंतीची मालकी, लाभांश देताना आखडलेला हात, लहान भागधारकांच्या हिताकडे होणारे दुर्लक्ष आणि उत्तर कोरियाचे सान्निध्य ही सांगितली जातात. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपन्यांचे मूल्यवर्धन करण्याची योजना जाहीर केली; नोव्हेंबर २०२३ पासून असलेली शॉर्ट सेलिंगवरील बंदी मार्च २०२५ अखेर उठली; आणि जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या वाणिज्य कायद्यातील दुरुस्तीने संचालकांची निष्ठा केवळ कंपनीशीच नव्हे, तर भागधारकांशीही बांधली. मधल्या काळात, ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री पुकारलेल्या व काही तासांतच मागे घ्याव्या लागलेल्या लष्करी कायद्याने बाजाराला पुन्हा धक्का दिला आणि ९ डिसेंबरला कोस्पी ऑगस्टमधील बंद पातळीच्याही खाली, २,३६०.५८ वर, गेला. हे संकट मात्र सर्वस्वी घरचे होते. त्यानंतर चिप-उद्योगाला आलेली भरती आणि वरील सुधारणा यांच्या बळावर निर्देशांक चढत गेला व २७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याने ४,००० ची पातळी इतिहासात प्रथमच ओलांडली.