माहूरच्या वाटा
डोंगर चढायचा तर सह्याद्री गाठावा, हा समज आम्हां मराठवाडेकरांनीच करून घेतला आहे. नांदेड जिल्ह्यात माहूर आहे. थकल्याभागल्याने मोटारीने दत्तशिखराजवळ जावे. थोडे बळ असेल त्याने रेणुकेच्या पायऱ्या बसत-उठत चढाव्यात. गुडघे धड असतील त्याने रामगडाचा तट पायी हिंडावा. १६२३ साली बापाविरुद्धच्या बंडात हरलेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बुऱ्हाणपुराहून भर पावसाळ्यात येथे आला आणि हत्ती व जड सामान गडावर ठेवून तेलंगणाकडे निघाला. तवारिखांत हत्तींची नोंद आहे. सामान वर वाहणाऱ्यांची नाही. मी हमालांत वावरलेला माणूस. तट चढताना दम लागला, की मला खुर्रमआधी तेच आठवतात.