धाप, पेनिसिलिन आणि मणी

थेरगांवाहून पवना ओलांडली म्हणजे चिंचवड लागतें, आणि तेथून पुढें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा आहे. १९५४ सालीं तो स्थापन झाला व पुढल्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन निघूं लागलें. यंत्रसामग्रीच्या कामीं संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें साह्य केलें होतें व तांत्रिक साह्य जागतिक आरोग्य संघटनेनें दिलें होतें. बालकांसाठीं काढलेल्या निधीनें कारखान्यास यंत्रें कां द्यावीं, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. परंतु त्या काळीं ज्याच्या घरीं मूल धापेनें तळमळलें असेल, त्यास तो खचित पडला नसता.

न्यूमोनिया हें नांव आपल्याकडे नवें. रोग मात्र जुना. त्यास कोठें 'डबा' म्हणत, कोठें नुसतें 'पोट उडतें' एवढेंच म्हणत. ताप चढे, नाकपुड्या फुलत, फासळ्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाबरोबर आंत ओढला जाई. घरांतील वडीलधारी बाई दृष्ट काढी, छाती शेके, गुटी उगाळी. आणि कित्येक ठिकाणीं पोटावर तापलेल्या लोखंडाचा डागही देत. डाग देणें क्रूर होतें, यांत शंका नाहीं. तथापि आम्ही त्या आजीबाईंस हंसण्यास तयार नाहीं. कोणतें मूल वांचणें कठीण, हें त्यांना पोटाकडे पाहूनच कळे. त्यांच्यापाशीं दृष्टि होती, औषध नव्हतें. फ्लेमिंगला बुरशीचा गुण १९२८ सालीं दिसला, तरी माणसास टोंचण्याजोगें औषध होण्यास तेथेंही सुमारें तेरा वर्षें लागलीं.

आम्हां इतिहास शिकविणारांस एक वाईट खोड असते. कारखाना निघाला, औषध आलें, मुलें वांचलीं, अशी तीन वाक्यें लिहून आम्ही पुढल्या प्रकरणाकडे वळतों. दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यांमध्यें किती अंतर असूं शकतें, हें पिंपरीनंतर तीसपस्तीस वर्षांनीं महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकास गडचिरोलींत दिसून आलें. औषधें बाजारांत होतीं. खेड्यांतील मुलें तरीही न्यूमोनियानें मरतच होतीं. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं तेथें ५८ गांवांत आरोग्यसेवक व सुइणी यांना हा रोग ओळखण्यास व त्यावर पोटांत घ्यावयाचें कोट्रायमॉक्साझोल देण्यास शिकविलें. ४४ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. १९९० सालीं 'लॅन्सेट'मध्यें त्याचा वृत्तांत आला. उपचार झालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ०.८ होतें, तुलनेच्या गांवांतील रुग्णांत तेंच १३.५ होतें. औषध पेनिसिलिनही नव्हे, साधी सल्फा-वर्गाची जोडगोळी!

पण आम्हांस त्या औषधाहून त्याच्या आधींच्या युक्तीचें अधिक नवल वाटतें. दोन महिन्यांच्या आंतील मूल मिनिटास ६० किंवा अधिक श्वास घेऊं लागलें, अथवा त्याहून मोठें पण वर्षाच्या आंतील मूल ५०, तर तें न्यूमोनियाचें लक्षण समजतात. पुढें पांच वर्षांपर्यंत हा आंकडा ४० चा. ज्या सुइणीस इतकें मोजतां येत नाहीं तिनें काय करावें? तिच्यासाठीं मण्यांची एक पाटी केली. जोडीस मिनिटाचें वाळूचें घड्याळ. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याच्या आंत तांबडा मणी सरकला कीं औषध द्यावयाचें. आजीबाईंच्या दृष्टीस येथें प्रथमच अंकाची जोड मिळाली. जुलाबांच्या बाबतींतही असेंच घडलें होतें: १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनवीस यांनीं क्षार व ग्लुकोज यांचें पाणी रुग्णांच्या नातलगांच्याच हातीं दिलें.

पिंपरीचा कारखाना शतकाच्या अखेरीस आर्थिक अडचणींत सांपडला. थेरगांवचें रूप मात्र पालटलें. केजूबाईच्या बंधाऱ्याचें हें गांव आतां शहरांत मिसळून गेलें आहे. आदित्य बिर्ला रुग्णालय २००६ पासून येथें आहे, महापालिकेचेंही रुग्णालय झालें आहे. औषध हांकेवर आलें, आणि चूक दोन्ही बाजूंनीं होऊं लागली. साध्या सर्दीस सुई टोंचा म्हणून बाप हटून बसतो, टोंचली नाहीं तर दुसरा डॉक्टर गांठतो. आणि जें मूल खरोखर धापा टाकीत आहे, त्याची आई दुसऱ्या पाळीस गेलेला नवरा मध्यरात्रीं परत येईपर्यंत वाट पाहत खोलींत बसते. रुग्णालय पायीं दहा मिनिटांवर असतें.

अशी एक बाई तांतडीच्या विभागांत आलेली आम्हीं पाहिली. बोलण्यावरून मराठवाड्याकडची असावी. केव्हांपासून ताप आहे, खोकला किती दिवसांचा, या प्रश्नांचीं तिचीं उत्तरें घोटाळ्याचीं होतीं. शेवटीं ती म्हणाली, "पोट उडतंय बघा त्याचं." परिचारिकेनें लेखणी खालीं ठेवली, मुलाचा सदरा वर केला, आणि मनगटावरील घड्याळाकडे पाहत मोजूं लागली.