लाईन

लाईन (स्त्री.; अनेकवचन लाइनी, सामान्यरूप लाइनी-) हा इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द आहे. तो महाराष्ट्रभर चालतो. या नोंदीत धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील वापर मुख्यत्वे घेतला आहे. रेल्वेमार्ग, वीजपुरवठा, पाण्याची नळवाहिनी, दर्शनाची रांग, पोलिसांच्या खोल्यांची चाळ, शिक्षणाची शाखा, गवंड्याचा दोरा आणि प्रेमातला इशारा एवढे अर्थ हा एकच शब्द जिल्ह्यात वाहतो. तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. ‘लाईन गेली’ म्हणजे दिवे विझले, ‘लाईन फुटली’ म्हणजे पाणी वाया चालले, ‘लाईन लागली’ म्हणजे माणसे उभी आहेत. कोणती लाईन ते क्रियापद सांगते. अकारान्तापूर्वीचा इकार दीर्घ या नियमाने ‘लाईन’ आणि विभक्तीत ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’ असे लिहावे. समासात ऱ्हस्व रूप रुळले आहे (लाइनमन, पाइपलाइन).

व्युत्पत्ती : लॅटिन ‘लीनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या ताटातून निघणाऱ्या धाग्याला ‘लीनेआ’ म्हणत. त्यापासून इंग्रजी शब्द आला. म्हणजे मुळात लाईन हा तागासारख्या वाखाचा ताणलेला दोरा. मराठवाड्यात जवस हे रब्बीचे पीक आहे आणि ते चटणीसाठी व तेलासाठी घेतात, धाग्यासाठी नाही. त्यामुळे शब्द आणि पीक शेजारी नांदूनही त्यांची ओळख पटलेली नाही.

या शब्दाआधी मराठीकडे शब्दांचा तुटवडा नव्हता. लिहिलेली ती ओळ, ओढलेली ती रेघ, भूमितीतली रेषा, उभ्या माणसांची किंवा डोंगराची रांग (बालाघाटची रांग), जेवणाऱ्यांची पंगत, बांधलेल्या गुरांची दावण. शेतात तर आणखी बारकावा आहे : तिफणीने पडते ते तास, उसाची किंवा भाजीची ती सरी, खुरपणाऱ्या बाईच्या वाट्याला येते ती पात. यांपैकी एकाचीही जागा ‘लाईन’ने पुरती घेतलेली नाही. खुरपायला बसलेली बाई आजही पातच धरते. निजामी राजवटीत, सप्टेंबर १९४८ पर्यंत, कारभाराची भाषा उर्दू होती. तिच्यातून ‘कतार’ आला, पण तो बोलण्यात मागे पडला. ‘लाईन’ शिरली ती शेताबाहेरून आणि गावाबाहेरून आलेल्या गोष्टींबरोबर : रूळ, तार, नळ. या सगळ्यांचे दुसरे टोक गावाला दिसत नाही आणि त्या कधी येतील हे गावाच्या हातात नसते. प्रस्तुत संकलकाच्या मते शब्दाच्या स्थानिक अर्थाचा गाभा हाच आहे. कोशांत दिलेला ‘रांग, रेषा’ हा अर्थ त्यापुढे अपुरा पडतो.

रेल्वेची लाईन : जिल्ह्याची पहिली लाईन म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने २ फूट ६ इंच (७६२ मिमी) रुंदीच्या रुळांवर ती उभी केली. बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी हा टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. बार्शी मुंबई इलाख्यात होती, तिच्या पूर्वेचा मुलूख निजामाचा. रूळ ही हद्द ओलांडून १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेले. दुसऱ्या बाजूला १९०६ मध्ये पंढरपूर व १९२७ मध्ये मिरज जोडले गेले आणि एकूण लांबी सुमारे ३२५ किमी झाली. कॅलथ्रॉपचे म्हणणे असे की रूळ अरुंद आणि हलके असले तरी प्रत्येक आसावरचा भार सारखा ठेवला तर गाडी मोठ्या रेल्वेइतकीच शिस्तीत माल वाहू शकते. पाच टनांच्या आत आसभार ठेवून त्याने डबे आणि इंजिने त्याच बेताने घडवून घेतली. भारतात आणण्याआधी १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्सजवळ त्यांची चाचणी घेतली. लातूरचे धान्य आणि कापूस, पंढरीचे वारकरी हा या गाडीचा आधार होता. सरकारने ती १९५४ मध्ये विकत घेतली. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘बार्शी लाइट’ हेच नाव राहिले. येथील ‘लाइट’ म्हणजे हलकी. दिव्याशी त्याचा संबंध नाही.

ही लाईन येडशी, कसबे तडवळे, ढोकी या गावांतून जाई. जिल्ह्याचे मुख्य ठाणे तिच्यावर नव्हते. १९०४ मध्ये जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला आले, तडवळ्यापर्यंत रूळ १९०७ मध्ये पोचले, पण कचेरी एकीकडे आणि रूळ दुसरीकडे असेच शतकभर चालले. गाडी धरायची तर वीसेक किलोमीटरवरचे येडशी गाठावे लागे. रुंदीकरणात मार्ग मुद्दाम वळवून शहराला स्थानक दिले गेले. लातूर ते धाराशिव हा रुंद मार्ग २००७ मध्ये आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये खुला झाला. या कामाच्या काळात ‘लाईन वळली’ हा शब्दप्रयोग जमिनीच्या भावाशी जोडला गेला, हे सहज समजण्यासारखे आहे.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किमीचा नवा मार्ग २०१९ मध्ये मंजूर झाला. तुळजापूरला रूळ यावेत ही मागणी त्याच्या बरीच आधीची. सध्या तुळजापूर परिसरात नुसते ‘लाइनीत जमीन गेली’ म्हटले तर ती या मार्गासाठी संपादित झाली असे समजतात.

विजेची लाईन : ग्रामीण भागात विशेषण न लावता ‘लाईन’ म्हटले की पहिला अर्थ हाच. ‘लाईन हाय का?’, ‘लाईन जायली-यायली’, ‘रातची लाईन हाय’. हा अर्थ तारेच्या लाइनीवरून थेट आला की ‘लाईट’ शब्दाशी उच्चाराच्या जवळिकीने घट्ट झाला, याविषयी मते वेगळी आहेत. बोलण्यात दोन्ही चालतात, पण त्यांत एक सूक्ष्म भेद ऐकू येतो : घरातली जाते ती बहुधा लाईट, शेतातली जाते ती लाईन.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. ६ जून २००५ रोजी त्याचे विभाजन होऊन वितरण ‘महावितरण’कडे गेले. लोक अजून ‘बोर्ड’च म्हणतात. शेतीपंपाला तीन फेज लागतात आणि ते दिवसभर मिळत नाहीत. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळी असते. त्यामुळे लाईन हा शब्द येथे वेळापत्रकाचाही झाला : ‘या आठवड्यात लाईन कवाची?’ या प्रश्नाचे उत्तर तासांत येते.

रात्रीच्या लाइनीचा अर्थ कोशात एका ओळीत मावत नाही. पौष महिन्यात हरभऱ्याला किंवा ज्वारीला पाणी द्यायचे असते. मध्यरात्रीनंतर लाईन येते. मोटारीला ‘ऑटो’ बसवलेले असले तर ती आपोआप चालू होते, पण सऱ्यांत पाणी आपोआप फिरत नाही. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरे घेऊन माणूस अनवाणी किंवा चिखलात रुतणाऱ्या चपलांनी वाफ्याच्या तोंडाशी उभा राहतो. वाफा भरला की त्याचे तोंड मातीने बुजवायचे आणि पुढच्याचे फोडायचे. याला दारे धरणे म्हणतात. मधेच एक फेज गेला तर मोटार गुरगुरते आणि वेळीच बंद केली नाही तर जळते. ती जळली तर भरायला तालुक्याला न्यावी लागते, आणि तोवर पाळी निघून जाते. अंधार, थंडी, साप आणि ओल्या पायांनी स्टार्टरच्या पेटीला हात लावणे हे सगळे ‘रातची लाईन’ या दोन शब्दांत येते. दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आणि तिचा पुढचा टप्पा २०२३ मध्ये जाहीर झाला. योजनेच्या नावातील ‘वाहिनी’ हे ‘लाईन’चेच मराठीकरण आहे, ते कागदावर चांगले वाटते, पण बांधावर अजून उतरलेले नाही. ज्याने स्वतंत्र सौर पंप बसवला त्याच्यापुरता हा शब्दच गळून पडतो, कारण त्याला लाईन लागत नाही.

या अर्थापासून लाइनमन हा शब्द झाला. गावाच्या दृष्टीने वीज कंपनीचा चेहरा म्हणजे तोच. रोहित्राला (बोलीत ‘डीपी’) फ्यूज घालणे, वादळात पडलेली तार ओढणे, तक्रार ऐकणे आणि शिव्याही ऐकणे त्याच्याच वाट्याला येते. खांबावर चढण्यापूर्वी तो उपकेंद्राकडून परमिट घेतो; परमिट परत केल्याशिवाय पुरवठा सुरू करायचा नाही असा दंडक आहे. येथे रेल्वेशी एक लक्षणीय विरोध दिसतो. स्थानकाधिकारी पुढच्या स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ घेतो ते गाडी पुढे जावी म्हणून. लाइनमन परमिट घेतो ते वीज येऊ नये म्हणून. बोलीतील ‘लाईन क्लिअर हाय’ (अडथळा नाही, पुढे चला) रेल्वेवरून आला. ४ मार्च हा दिवस देशात लाइनमन दिवस म्हणून पाळला जातो.

पाण्याची लाईन : विहीर एका गटात आणि रान दुसऱ्यात, अशी स्थिती असल्याने शेतकरी स्वखर्चाने जमिनीखालून पाइप नेतात. याला ‘लाईन करणे’ किंवा ‘लाईन टाकणे’ म्हणतात. शेजाऱ्याच्या बांधातून लाईन जाऊ देणे हा गावकीतला मोठा उपकार, आणि न जाऊ देणे हे अनेक वर्षांच्या अबोल्याचे कारण. धाराशिव शहरासाठी उजनी धरणातून पाणी आणले जाते, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले पाणी लाइनीने बालाघाटावर चढते.

एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेची आणि पाण्याची अशा दोन्ही लाइनी एक झाल्या. लातूरला पाणी उरले नव्हते, तेव्हा मिरजेहून टँकरच्या वाघिणी जोडलेली ‘जलदूत’ गाडी सोडण्यात आली. पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली. तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर आणू लागली. ही गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव या वाटेने, म्हणजे बहुतांशी कॅलथ्रॉपच्याच वाटेने गेली. हलक्या रुळांच्या काळात पन्नास भरल्या वाघिणी या वाटेने जाणे शक्य नव्हते. वाटेतला धाराशिव जिल्हाही त्या वर्षी कोरडाच होता.

रांग : तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी मंदिरात हा अर्थ सर्वाधिक ऐकू येतो, विशेषतः आश्विनातील नवरात्रात व कोजागरीच्या सुमारास, जेव्हा सोलापूरकडून आणि कर्नाटकातून भाविक पायी येतात. फलकांवर ‘दर्शन रांग’ असते, जुनी माणसे ‘बारी’ म्हणतात, आणि उभे असलेले सगळे ‘लाईन’. धर्मदर्शन, मुखदर्शन, अभिषेक यांच्या लाइनी वेगळ्या. गोमुख व कल्लोळ तीर्थांवर हातपाय धुऊन लाइनीला लागण्याची रीत आहे. शिधावाटप दुकान किंवा दवाखाना येथे मात्र लाईन लावत नाहीत, ‘नंबर’ लावतात. साखर कारखान्याच्या गव्हाणीपुढे उसाच्या गाड्यांचाही नंबरच असतो. फरक असा दिसतो की नंबर लावून माणूस सावलीला जाऊन बसू शकतो. लाइनीत स्वतः उभे राहावे लागते.

पोलीस लाईन : शिपायांच्या ओळीने बांधलेल्या निवासखोल्या, इंग्रजी छावणीच्या भाषेतून.

खेळ : कबड्डीत मध्यरेषा व निदान रेषा हे मराठी शब्द टिकले, नंतर आलेली बोनसची लाईन मात्र इंग्रजीच राहिली. खो-खो हा या जिल्ह्याचा अभिमानाचा खेळ. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार आणि २०२० च्या अर्जुन पुरस्काराची मानकरी सारिका काळे धाराशिवचीच. या खेळात लाईन शिरलीच नाही. मैदानावर मधली पाटी आणि आडव्या पाट्या आहेत. खेळ येथला, म्हणून शब्दही येथला राहिला.

माणसाविषयी : ‘कोणत्या लाईनला गेला?’ (शिक्षणाची शाखा), ‘लाइनीला लागला’ (कमावू लागला), ‘लाइनीवर आणणे’ (वळण लावणे). ‘लाईन मारणे’ व ‘लाईन देणे’ हे तरुणांचे शब्द. मोठ्यांसमोर उच्चारत नाहीत.

ऑनलाइन : सेवा केंद्रात जाऊन अर्ज भरणे. हे येथे क्रियापद झाले आहे : पीकविमा ‘ऑनलाइन करून’ येतात. ते होते की नाही हे पुन्हा विजेच्या लाइनीवर अवलंबून असते.

लाइनदोरी : गवंडीकामातील शब्द, लाईन आणि दोरी या एकाच अर्थाच्या दोन शब्दांचा जोड. जवसाच्या धाग्याचा मूळ अर्थ जिल्ह्यात फक्त येथे शिल्लक आहे. पाया आखताना खुंट्यांना दोरी ताणून तिच्या कडेने फक्की सोडतात. भिंत चढवताना आधी दोन्ही कोपरे ओळंब्याने साधून तीन-चार थर उंच घेतात, मग दोन खिळ्यांमध्ये दोरा ताणतात. तो ढिला आहे का हे गवंडी बोटाने छेडून पाहतो. वीट दोऱ्याला टेकू द्यायची नाही, केसभर आत ठेवायची. एक वीट टेकली तरी दोरा बाहेर फुगतो आणि पुढचा सगळा थर वाकडा जातो. पूर्वी सुती दोरा असे, आता नायलॉनचा असतो. थर पुरा झाला की दोन्ही खिळे उपटून एका विटेने वर ठोकतात.