पाऊस, विमान आणि माझी टाच

सकाळी उठल्यावरची पहिली दहा पावलं हा गेले आठ महिने माझ्याकडे एक कार्यक्रमच झालाय. पोटरी खाली टाचेला जिथे जोडली जाते ती जाड दोरी, म्हणजे अ‍ॅकिलीस टेंडन, आधी कुरकुरते आणि मग नाइलाजाने चालायला लागते. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम पंधरा किलोमीटर पळण्याचं हे फळ. शेवटी डॉक्टर म्हणाले, "शॉकवेव्ह करून बघू."

शॉक म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर विजेच्या तारा! पण हा विजेचा नाही, दाबाचा धक्का असतो म्हणे. हो म्हणण्याआधी हे प्रकरण मुळात आलं कुठून ते बघायला बसलो आणि शनिवार त्यातच गेला.

गोष्ट सुरू होते पश्चिम जर्मनीतल्या डॉर्नियर या विमान कंपनीत. (आपल्या तटरक्षक दलाकडे आहेत ती डॉर्नियर विमानं याच घराण्यातली.) आवाजापेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचा साधा थेंब आदळला तरी पत्र्याला खड्डा पडतो, आणि त्या धक्क्याची लहर धातूच्या आत शिरते. याचा अभ्यास करायला तिथे धातूच्या पट्टीवर प्रचंड वेगाने गोळ्या मारून बघत. १९६६ मध्ये नेमकी गोळी आदळताना एका कर्मचाऱ्याचा हात पट्टीला लागला आणि त्याला करंट बसल्यासारखं झालं. तपासलं तर वीज कुठेच नव्हती. लहरच पट्टीतून हातात शिरली होती.

मग १९६८ ते १९७१ या काळात जर्मन संरक्षण मंत्रालयाच्या पैशाने अशा लहरींचा शरीरावर काय परिणाम होतो हे तपासलं गेलं. लहर पाण्यातून मांसपेशींत फारशी अडखळत नाही, पण कठीण वस्तू भेटली की तिथे दणका देते, हे लक्षात आलं. शरीरातली कठीण वस्तू म्हणजे? मुतखडा!

पुढची युक्ती शाळेतल्या भूमितीची. लंबवर्तुळाच्या एका नाभीतून निघालेली लहर परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीत गोळा होते. एका नाभीत पाण्याखाली ठिणगी पाडायची आणि दुसरी नाभी बरोबर खड्यावर आणायची. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिस्तियान शॉसी आणि सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवून, कुठेही न कापता त्याचा खडा फोडला.

पण माझ्या टाचेत खडा नाहीये. मग?

इथे दुसरा योगायोग. खड्यावर मारा करताना वाटेतल्या हाडाला इजा होते का, हे १९८० च्या दशकात प्राण्यांवर तपासलं गेलं, तर उलट हाड नव्याने वाढायला लागलेलं दिसलं. १९९१ मध्ये बल्गेरियातल्या डॉक्टरांनी न जुळणाऱ्या फ्रॅक्चरवर हा उपाय केल्याचं प्रसिद्ध केलं. तिथून गाडी खांदा, कोपर आणि टाचेकडे वळली. आज बऱ्याच क्लिनिकमध्ये असतं ते यंत्र तर दाबलेल्या हवेने नळीत छोटा धातूचा ठोकळा आपटतं. म्हणजे फिरून १९६६ चीच गोळी! (काटेकोरपणे बोलायचं तर ती खरी शॉकवेव्ह नव्हेच, नुसती दाबाची लहर.)

आता मुद्द्याचा प्रश्न: उपयोग होतो का? २००५ मध्ये ब्रिटनमधल्या ४९ रुग्णांच्या चाचणीत खरे झटके आणि खोटे झटके यांत फरक दिसला नाही. वर, खरे झटके घेतलेल्यांपैकी दोन वयस्कर बायकांची टेंडन तुटली. हे वाचून मी लॅपटॉप मिटला होता. पण २००७ मध्ये जर्मनीतल्या रोम्पे यांनी ७५ जणांचे तीन गट केले. चार महिन्यांनी नुसती वाट बघणाऱ्या २५ पैकी ६ जणांना बरं वाटलं, झटकेवाल्या १३ जणांना, आणि फक्त व्यायाम करणाऱ्या १५ जणांना. २००९ च्या चाचणीत दोन्ही एकत्र करणारे नुसत्या व्यायामवाल्यांच्या पुढे गेले.

आणि हा व्यायाम काय? पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच हळूहळू खाली सोडायची. रोज १८० वेळा, बारा आठवडे. १९९८ चा हा शोध स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसनचा. स्वतःची टाच दुखत होती आणि वरिष्ठ ऑपरेशन करायला तयार नव्हते, तेव्हा टेंडन एकदाची तुटू दे म्हणून या सर्जनने मुद्दाम दुखेल असा व्यायाम सुरू केला. तुटायच्या ऐवजी ती बरी झाली!

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "झटके देऊच, पण पायरी सोडायची नाही. मशीन दहा मिनिटांचं, पाय दिवसभर तुमचाच आहे." खरं सांगायचं तर मला पैसे भरून सुटका हवी होती. ती या इतिहासात कुठेच सापडली नाही.

असो. ८४ पैकी आज सहावा दिवस. जिन्यात उभा दिसलो की शेजारचे काका रोज विचारतात, "काय रे, लिफ्ट बंद आहे का?"