मुंबईच्या बाजारातील 'बोळ' : एक नाम, अनेक द्रव्ये

गिरगाव, दादर, परळ, लालबाग ह्या भागांतील काष्ठौषधींच्या दुकानांत बाळंतिणीसाठी जी द्रव्ये मागितली जातात त्यांत 'बोळ' हे एक होय. तथापि हा शब्द एकाच द्रव्याचा वाचक नाही. हिराबोळ म्हणजे सोमाली प्रदेशात व दक्षिण अरबस्तानात वाढणाऱ्या 'कॉमिफोरा मिऱ्हा' ह्या काटेरी झुडपाचा सुगंधी डिंक. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा आटवून घट्ट केलेला रस. दोहोंचे मूळ निराळे, घटकद्रव्ये निराळी आणि शरीरावरील परिणामही निराळे. साम्य मुख्यतः कडूपणाचे. अलीकडे ह्या नामाच्या कक्षेत हिराबोळाचे ऊर्ध्वपातित तेलही आले आहे. ह्या नामाचा इतिहास पाहिल्याशिवाय त्याच्या आधारे केल्या जाणाऱ्या गुणकथनाचे मोल ठरविता येत नाही.

अमरकोशात 'बोल' आणि 'गन्धरस' हे पर्याय म्हणून दिले आहेत, आणि ते वनौषधिवर्गात नसून वैश्यवर्गात आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. कोशकाराच्या दृष्टीने बोल ही रानात आढळणारी वनस्पती नव्हती, व्यापाऱ्याकडे मिळणारी वस्तू होती. 'बोल' ह्याचे मराठीत 'बोळ' होणे हे फल–फळ, बाल–बाळ ह्या परिवर्तनाशी सुसंगतच आहे. गुजरातीतही 'हिराबोळ' असाच उच्चार आहे. गल्लीवाचक 'बोळ' हा शब्द मात्र केवळ समध्वनी समजावा. अरबीतील 'मुर्र' हे नाव कडूपणा दर्शविणाऱ्या सेमिटिक धातूपासून आले आहे. म्हणजे अरबी नामकरण चवीवरून झाले, तर संस्कृतातील 'गन्धरस' हे वासावरून.

ह्या व्यापाराची प्राचीनता 'पेरिप्लस' ह्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथावरून कळते. त्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मलाओ व अरबस्तानातील मुझा येथून बोळाची निर्यात होत असल्याचा निर्देश आहे; उलट दिशेने भडोचहून बोळाच्याच जातीचा गुग्गुळ बाहेर जात असे. ह्याच ग्रंथात कल्याण बंदराचाही उल्लेख येतो. कार्ले येथील एका शिलालेखात धेनुकाकट येथील सिंहदत्त नामक गंधिकाने दान दिल्याचे नमूद आहे. त्याच्या दुकानात बोळ होता की नाही हे त्या लेखात येत नाही. परंतु सुगंधी द्रव्यांचा स्वतंत्र व्यवसाय ह्या भूमीत तेव्हा प्रस्थापित होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

एकोणिसाव्या शतकात ह्या व्यापाराचे केंद्र मुंबई बनले. फ्ल्युकिगर व हॅनबरी ह्यांच्या 1874 च्या 'फार्माकोग्राफिया' ह्या ग्रंथातील वृत्तान्तानुसार बर्बेराच्या जत्रेत हिंदी वाणी बोळ विकत घेत. तो मुंबईस येई, तेथे त्याची निवड होई, उत्तम माल युरोपात व हलका माल चीनकडे रवाना होई. ही निवड बाजारातील पारख्यांच्या डोळ्यांवर, नाकावर व जिभेवर अवलंबून असे. भिन्न प्रती ओळखण्यासाठी भिन्न नावे आवश्यक होती, आणि त्यांतूनच 'बिसाबोल' हे नाव रूढ झाले. सोमाली लोक ज्याला 'हब्बक हदी' म्हणत तो हा दुसऱ्या जातीचा सुगंधी बोळ. पुढे युरोपीय रसायनज्ञांनी त्याच्या तेलातून वेगळ्या केलेल्या संयुगास 'बिसाबोलीन' हे नाव दिले. हिंदी व्यापाऱ्यांच्या बोलीतील एक शब्द अशा रीतीने जागतिक रसायनशास्त्रात कायम झाला.

घरगुती उपयोगात हिराबोळ हा मुख्यतः बाळंतिणीच्या औषधांत येतो. गुळात वा तुपात त्याची गोळी करून देण्याची रीत आहे. काळ्या बोळाचा लेप मुका मार व सूज ह्यांवर लावतात. 1926 साली परळ येथे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले आणि गिरणगावातील प्रसूतीस रुग्णालयाची वाट खुली झाली; परंतु प्रसूतीनंतरचा आहारविहार बव्हंशी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्याच हाती राहिला. त्यांच्या दृष्टीने 'हिरा' आणि 'काळा' ही विशेषणे केवळ वर्णनपर नव्हती. चुकीचे द्रव्य पोटात जाऊ नये म्हणून ती आवश्यक होती. कारण काळा बोळ तीव्र रेचक आहे.

आधुनिक काळात बोळाचा मद्यार्कातील अर्क हिरड्यांच्या व तोंडाच्या विकारांवर वापरला गेला, तर तेलाला सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात स्थान मिळाले. 1996 साली दोलारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' ह्या नियतकालिकात बोळातील काही सेस्क्विटर्पीन संयुगे उंदरांमध्ये वेदनाशामक ठरल्याचे प्रसिद्ध केले. हे संशोधन महत्त्वाचे असले, तरी ते वेगळ्या केलेल्या संयुगांविषयीचे व प्राण्यांवरील आहे.

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. बोळात पाण्यात विरघळणारा गोंद, मद्यार्कात विरघळणारी राळ व बाष्पनशील तेल असे तीन भाग असतात. वाफेच्या ऊर्ध्वपातनात त्यांपैकी केवळ तेल हाती लागते. गोंद व राळ मागे राहतात. तेव्हा घरगुती परंपरेने संपूर्ण बोळाविषयी जे सांगितले ते तेलासही लागू आहे, असे मानण्यास आधार नाही. उलट तेल हे संहत द्रव्य असल्याने ते पोटात घेणे धोक्याचे ठरू शकते, आणि गर्भावस्थेत तर बोळ व काळा बोळ हे दोन्ही वर्ज्यच मानले जातात. बाटलीवरील 'गंधरस' हे प्राचीन नाव तेलाला प्रतिष्ठा देते. गुणाची हमी मात्र देत नाही. पारख्यांनी व घरातील वृद्ध स्त्रियांनी विशेषणे जोडून जो विवेक राखला, तोच आजच्या अभ्यासकानेही राखला पाहिजे.